मास्तरांचा थांबा

९ फेब्रुवारी

बाबा,

की मास्तर? पहिल्याच शब्दाला अडले. गोल्फच्या मैदानाच्या जाळीचं दार ओलांडून आत गेलं की मास्तर आणि 'तुम्ही', बाहेर आलं की बाबा आणि 'तू', हा नियम तुमचाच. मला नीट बोलताही येत नव्हतं तेव्हापासून मी तो पाळते आहे. पण पत्रात ती जाळी कुठे असते, हे काही तुम्ही सांगून ठेवलेलं नाही. मजकूर गोल्फचा आहे, म्हणून तूर्तास 'तुम्ही' म्हणते.

आई म्हणाली, वडिलांना लिहितेस तर वर नीट मायना घाल. वडील बोलत नसतील तर कोणता मायना घालतात हे आम्हाला शाळेत शिकवलं नव्हतं, तेव्हा तो राहू दे.

पत्र अशासाठी, की माझा फोन आला की तुम्ही चपला घालून बाहेर पडता असं आई सांगते. पत्र आल्यावरही तुम्हाला चपला घालता येतील. पण तुम्ही परत याल तेव्हा ते टेबलावर असेलच.

मी ठीक आहे. खोली बरी आहे. खोलीत माझ्याबरोबर एक ताडमाड मुलगी आहे, तिला इथे सगळे बांबू म्हणतात आणि ती ओ देते. अकादमी म्हणजे एक प्रचंड शेड. छताखालीच बॉल मारायचा. समोर पडदा, पडद्यावर गवत, झाडं, तळं, सगळं चित्रातलं. बॉल पडद्यावर आपटतो आणि धप्पकन खाली पडतो, आणि पडदा सांगतो की तो तळ्यापलीकडे गेला. दिवसभर मी बॉल मारते आणि एकही बॉल कुठे जात नाही.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव आम्ही कोनमापक ठेवलंय. कंपासपेटीतून काढल्यासारख्याच आहेत, सरळ आणि पारदर्शक. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हातातला क्लब मागे नेताना काय करतेस?" मी तुमच्या मुलीसारखं उत्तर दिलं, "काही करत नाही. तो जातो, मी मध्ये येत नाही." बाई म्हणाल्या, "भावना नकोत. अंश सांग."

मला माझे अंश माहीत नव्हते. आता पाठ आहेत. मनगट किती, कोपर किती, कंबर किती, सगळं. कमरेला एक पट्टा बांधतात. कोपर ठरलेल्या जागेवरून सुटलं की तो पीं करतो. पाठीत पट्टी घालतात, दोन्ही कोपरांच्या मध्ये फुगा धरायला लावतात. तुम्ही पाहिलंत तर म्हणाल की मला कुठल्या तरी अपघातातून आणलंय. परवा खोलीत बांबूचा मायक्रोवेव्ह वाजला आणि माझं कोपर आपोआप आत गेलं.

हसू येत असेल तर हसा. मी निघाले त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मशीनचे हात घेऊन या घरात यायचं नाही." आई म्हणते, रागाच्या भरात बोलले. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही रागाच्या भरात कधीच बोलत नाही. आधी गप्प बसता, वाक्य घासूनपुसून घेता आणि मग बोलता.

पत्राचं उत्तर आलं नाही तरी मी लिहीन.

तुमची विद्यार्थिनी (आणि दुसरंही ते)


२ मार्च

मास्तर,

पत्र पोचलं, उघडलंत, वाचलंत आणि चष्म्याच्या डब्यात ठेवलंत, हे आईकडून कळलं. काही म्हणाले का, असं विचारलं. म्हणाली, "'हं' म्हणाले." या 'हं'मध्ये काय काय असू शकतं याचा विचार करण्यात माझा एक आख्खा रविवार गेला.

मागच्या पत्रात मी ठीक आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

बाई थांबा काढताहेत.

क्लब वर गेल्यावर, खाली आणण्याआधी, एक श्वासभर थांबायचं. "घाई खाली असते, वर नसते," असं तुम्ही मला आणि मैदानावरच्या प्रत्येकाला सांगत आलात. अख्खं गाव त्याला मास्तरांचा थांबा म्हणतं. बँकेच्या साहेबांचा थांबा आहे, आई ज्यांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारते त्या दातांच्या डॉक्टरांचाही आहे. पण सगळ्यांत सुंदर माझा, असं सगळे म्हणायचे, कारण बाकीच्यांना तो शिकावा लागला आणि माझ्यात तो आधीपासून होता. हिचा स्विंग उपजत आहे, असं तो पेपरवाला छापून मोकळा झाला आणि तुम्ही ते कात्रण कार्यालयात लावलंत.

कोनमापक बाईंनी पडद्यावर माझा थांबा दहादा मागे-पुढे करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा काय बसथांबा आहे? इथे कुणी येणार नाहीये." सगळे हसले. मीही हसले, आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. हे आईला सांगू नका. म्हणजे, तुम्ही सांगणार कसे, तुम्ही तर 'हं' म्हणणार.

बाईंचं म्हणणं चुकीचं आहे असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. गेल्या वर्षीच्या पात्रता फेरीत वारा होता. मी वर थांबले की वारा क्लबला हलकेच ढकलायचा आणि खाली येईपर्यंत सगळं बिघडायचं. तुम्ही म्हणालात वाऱ्याने घात केला. मी म्हणाले थांब्याने केला. त्यावरूनच आपलं वाजलं आणि त्यावरूनच मी इथे आले.

पण आता थांबा धड जातही नाही आणि धड राहतही नाही. वर जाताना बाई सोबत असतात, वर पोचले की तुम्ही येता आणि म्हणता थांब, मग बाई म्हणतात चल, आणि तुमचं भांडण चालू असताना बॉल कधीच निघून गेलेला असतो. परवा बाहेरच्या खऱ्या गवतावर मारला तर तो नव्वद अंशात वळून खानावळीच्या खिडकीतून आत गेला. आचारी झारा घेऊन बाहेर आला. म्हणाला, "ताई, ऑम्लेट पाहिजे असेल तर तोंडाने सांगत जा."

मेअखेर पात्रता फेरी आहे. तीत ज्यांचं नाव लागणार नाही त्यांनी जूनमध्ये खोली सोडायची. सोडून मी जाऊ कुठे? हे हात घेऊन घरी यायचं नाही, आणि तिथून आणलेले हात आता माझ्याकडे नाहीत. बांबूला विचारलं तर ती म्हणाली, "तुझा नैसर्गिक स्विंग आत कुठेतरी असेलच ना." कुठे? मी शोधतेच आहे. सापडला तर कळवते.

— मी


१९ मार्च

मास्तर,

आचाऱ्याचा प्रसंग वाचून तुम्ही मोठ्याने हसलात म्हणे. ऐकून आधी बरं वाटलं आणि मग संताप आला. हसता येतं तर बोलता का येत नाही?

सोबत एक कोरं कार्ड पाठवते आहे, पत्ता घालून, तिकीट लावून. त्यावर एकच शब्द लिहायचा आहे. 'ठेव' किंवा 'काढ'. थांबा ठेवू की काढू, एवढंच. तुम्ही 'ठेव' म्हणालात तर उद्या बाईंच्या हातात पट्टा देईन आणि निघेन. 'काढ' म्हणालात तर निमूट काढेन. मला आता स्वतःचं मत नकोच आहे, त्याचा कंटाळा आलाय. पण मधल्यामध्ये लोंबकळत ठेवू नका.


२ एप्रिल

कार्ड आलं नाही. आईला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "पेन घेऊन बराच वेळ बसले होते. मग ते कार्ड दुमडून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातलं."

टेबल आता हलत नाही ना? छान.


११ एप्रिल

मास्तर,

आज एक गोष्ट झाली आणि ती तुम्हाला सांगावी की तुमच्यापासून लपवावी हे कळत नाहीये. सांगते.

इथे एक फिजिओ आहेत, गोल गरगरीत, सतत काहीतरी गुणगुणणारे. महिन्यातून एकदा सगळ्यांचे सांधे तपासतात. माझा नंबर आला. एसीची गार हवा होती म्हणून मी जॅकेट घातलं होतं, ते काढलं, तपासून झालं, पुन्हा घातलं. ते गुणगुणायचे थांबले.

म्हणाले, "डावा खांदा कधी दुखावला होता?"

"कधीच नाही."

"पडलीबिडली असशील लहानपणी. आठव."

"नाही हो. आईला विचारा हवं तर."

त्यांनी पुन्हा हात वर केला, मागे नेला, आडवा छातीवरून ओढला. खांदा लोण्यासारखा फिरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "खांदा झकास आहे," म्हणाले. "मग तू त्याला जपतेस कशाला?"

त्यांनी जॅकेट काढून पुन्हा घालायला लावलं. मी डावा हात आधी घातला, मग उजवा. म्हणाले, "ज्याचा खांदा दुखतो तो माणूस दुखरा हात आधी घालतो, म्हणजे त्याला मागे वळावं लागत नाही. तुला काही दुखत नाही, तरी तू तसंच घालतेस." मग पडद्यावर माझा जुना स्विंग लावला. क्लब वर जातो, डावा हात छातीवरून आडवा होतो, आणि तिथे मी थांबते. त्यांनी चित्र तिथेच थांबवलं आणि पेन्सिलने पडद्यावरच्या खांद्यावर टकटक केली. "बघ, इथे तू तो वर उचलून कानाकडे नेतेस. अडकलेला खांदा माणूस असा सोडवतो. तूही तो सुटायची वाट बघतेस. पण अडकलंय काय?"

कोनमापक बाई शेजारीच होत्या. पहिल्यांदाच त्यांनी अंश सांगितले नाहीत.

मी खोलीवर आले आणि जॅकेट किती वेळा घातलं आणि काढलं कोण जाणे. बांबूला वाटलं मी कुठेतरी निघालेय. आपल्या दाराशी लटकवलेला तो करडा कोट मला दिसत होता. तुम्ही तो घालता तेव्हा आधी डावी बाही खाली धरून हात सरकवता, मग आई मागून उजवीकडे आणून देते. मी ते रोज पाहिलंय. मला वाटायचं कोट असाच घालतात.

मास्तर, तुमच्या डाव्या खांद्याला काय झालंय?


१२ एप्रिल

बाबा,

आज आईला सकाळीच फोन केला, तू दूध आणायला गेला असशील तेव्हा. मी आता 'तू'च म्हणणार आहे. हे गोल्फचं आहे की घरचं, ते मला ठरवता येत नाही, आणि तुझी ती जाळी मला या प्रकरणात कुठे दिसतही नाही.

आई आधी उडवाउडवी करायला लागली. गॅसवर काहीतरी आहे म्हणाली. मी म्हटलं गॅस बंद कर. तिने तो बंद केला आणि म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हाची गोष्ट."

तू मैदानाच्या मागच्या बाजूची फाटलेली जाळी बांधायला शिडीवर चढलास आणि शिडी सरकली, एवढंच. तेव्हा तूही पात्रता फेरीला जाणार होतास, हीच फेरी, मी जिला चाललेय तीच. तू गेला नाहीस. सगळ्यांना सांगितलंस, घरी बाळ येणार आहे, अशात बायकोला सोडून कुठे जाऊ. ते बाळ म्हणजे मी. म्हणजे आजवर तू माझ्यामुळे खेळला नाहीस असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं, आणि मी ते मनात घेऊन खेळायचे.

"डॉक्टरकडे का नाही गेला तो?" मी विचारलं.

आई म्हणाली, "दाखवलं असतं तर खरं ठरलं असतं ना. खांदा गेलेल्या माणसाकडे शिकायला कोण येणार? नवीन नोकरी, त्यात तू होणार. मग ते वर जाऊन थांबायला लागले. तिथे अडकायचं, जरा वेळ धरला की आपोआप सुटायचं. कुणीतरी विचारलं, मास्तर, हे काय नवीन? तर म्हणाले, हे तंत्र आहे. वर घाई करायची नसते. दुसऱ्या दिवशी तो माणूसही तसाच थांबायला लागला."

"आणि तू कधी विचारलं नाहीस, दुखतं का म्हणून?"

"आमच्या घरात तो विषय निघत नाही," आई म्हणाली. आमच्या घरात म्हणाली. जसं काही मी दुसऱ्या घरातली.

बाबा, मी फोन ठेवला आणि मला हसायला आलं, खरंच. बँकेचे साहेब वर जाऊन थांबतात. दातांचे डॉक्टर थांबतात. त्यांच्या मुली थांबतात. अख्ख्या मैदानाचा खांदा दुखतोय आणि कुणालाच माहीत नाही. आणि मी, जिचं म्हणे सगळं उपजत, मी चालायला लागल्यापासून जाळीला नाक लावून तुला बघत होते आणि तुझं दुखणं पाठ करत होते. तंत्र नको, शरीराला सगळं माहीत असतं, असं तू शिकवत होतास आणि माझ्या शरीराला माहीत होतं ते तुझं.

मग हसू थांबलं. आता मला काय वाटतंय ते मलाच कळत नाही. तुझा राग येतो. तू मला फसवलंस असं म्हणावं, तर तू मला थांबा शिकवलाच नाहीस, मीच तो घेतला. मी तो काढायला इकडे निघाले तेव्हा तू एवढा का दुखावलास, हे कळल्यासारखं वाटतं आणि लगेच निसटतं. आणि ते कार्ड. 'ठेव' लिहिलं असतंस तर तुला माहीत असलेलं खरं दडपावं लागलं असतं, आणि 'काढ' लिहिलं असतंस तर सगळं आयुष्य खोटं ठरलं असतं. म्हणून टेबलाखाली.

मी हे सगळं चुकीचंही समजत असेन. तू एक वाक्य बोललास तर बरं होईल.

तुझी मुलगी


८ मे

बाबा,

गोल्फचं लिहिते. 'तू'च म्हणून लिहिते.

काही दिवस मी क्लबला हातच लावला नाही. मग एक दिवस सगळे जेवायला गेल्यावर मी मागच्या गवतावर गेले. पट्टा नाही, फुगा नाही. मी क्लब वर नेला आणि मनात म्हटलं, इथे काही अडकलेलं नाही. तो खांदा माझा आहे आणि तो बरा आहे. एवढंच म्हटलं.

थांबले नाही, बाबा. थांबा मी काढला नाही, तो नव्हताच. क्लब वर गेला आणि वळला आणि आला. कुठे वळला तेही मला कळलं नाही. बॉल लांब गेला आणि किंचित उजवीकडून डावीकडे येऊन पडला. मी दुसरा मारला. तोही तसाच. तिसरा मारताना मी लक्ष ठेवून पाहायला गेले, तर तो खानावळीच्या दिशेने. चौथ्याला लक्ष दिलं नाही, तो पुन्हा बरोबर.

मला वाटलं, जमलं. बाईंना हवं होतं ते आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर मारला. त्यांनी पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं, कोन मोजले. म्हणाल्या, "हा मी शिकवलेला नाही."

"मग चुकीचा आहे का?"

"कोपर दूर आहे. मनगट उशिरा वळतंय. माझ्या हिशोबात हे कुठेच बसत नाही." मग बॉल कुठे पडला ते बघत राहिल्या. "कुठून आणलास?"

त्यांचा नाही, तुझा नाही, आणि माझा म्हणावा तर माझी त्याच्याशी ओळख कालची. त्या म्हणाल्या, "मी काही दिवस तुला हात लावत नाही. मला भीती वाटतेय." बाईंना भीती वाटते हे ऐकून मलाही वाटायला लागली.

कारण हा कधीही जाईल. जसा आला तसा. तो कशामुळे येतो हेच मला माहीत नाही तर गेल्यावर बोलावू कसा? थांब्याला निदान पत्ता होता, वर गेलं की तिथे असायचाच. बाईंच्या स्विंगचे आकडे पाठ आहेत. याचं काहीच नाही. बांबू म्हणते, विचार करू नकोस. ती विचार करू नकोस म्हणाली की मी दिवसभर तोच विचार करते.

फेरी तोंडावर आली आहे. तुला सांगण्यासारखं एवढंच.


३० मे

बाबा,

यादीत नाव आहे. खालून बघायला सुरुवात केली तर पटकन सापडतं.

वारा होता. दोनदा तो नवा स्विंग मला सोडून गेला आणि दोनदा परत आला, आणि मी काहीही केलं नाही, नुसती उभी राहिले. एकदा तर वर जाऊन तुझ्यासारखी थांबले. सवयीने. बॉल वाळूत गेला. मला राग यायला हवा होता, पण त्या वाळूत उभं राहून मला तुझी इतकी आठवण आली की पुढचा फटका डोळे पुसूनच मारावा लागला. बाई लांबून बघत होत्या, त्यांना वाटलं वाळू गेली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. आईने फोन केला त्यासाठी आहे.

बांबूने फेरीच्या शेवटच्या दिवशी माझं चित्रण केलं होतं, ते मी आईला पाठवलं. आई म्हणाली, ती बघत होती तेव्हा तू मागे येऊन उभा राहिलास. मग तू तिच्या हातून फोन घेतलास. मग खुर्चीवर बसलास. तिने चहा आणून ठेवला, तो गार झाला. तू तेच पुन्हा पुन्हा लावत होतास. तिला वाटलं, थांबा गेला म्हणून तुला वाईट वाटतंय. ती म्हणाली, "जाऊ द्या ना आता. तिथल्या बाईंनी शिकवलं असेल तसं."

तू म्हणालास, "त्या बाईंनी नाही शिकवला. हा माझा आहे."

आईला कळलं नाही.

"पडायच्या आधीचा," तू म्हणालास. "हिने कुठून आणला? हिने तर पाहिलाच नाही कधी."

आई फोनवर मला हे सांगत होती. मी विचारलं, खरंच तसाच होता का? ती म्हणाली, "मला गोल्फमधलं काय कळतं गं. पण तो वळलेला खांदा मी ओळखला."

मी तेव्हापासून नुसती बसून आहे, बाबा. एक मन म्हणतं, यात काही जादू नाही. तुझ्यासारखे लांब हात, तुझ्यासारखी आखूड मान, दुखणं काढून घेतलं तर असं शरीर असंच वळणार. दुसरं म्हणतं, तुला तसं दिसावं असं वाटलं म्हणून दिसलं. पण मग उपजत काय होतं आणि शिकलेलं काय होतं? जे उपजत म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं ते मी जाळीतून चोरलं होतं, आणि मी आयुष्यात कधी न पाहिलेलं माझ्याकडे निघालं. मशीनचे हात म्हणालास ते कोणते, आणि घरी आणायचे नाहीत ते कोणते? मला खरंच सांगता येत नाही. मी माझ्याकडचे सगळे घेऊन येऊ का? त्यातले तुझे तू निवडून घे.


२ जून

बाबा,

काल फोन वाजला, आईचं नाव दिसलं, म्हणून मी सरळ "बोल गं" म्हटलं. आणि पलीकडून तुझा श्वास आला. मी ओळखला. तू क्लब हातात घेण्याआधी असाच नाकाने श्वास घेतोस.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. कधीपासून काय काय ठरवून ठेवलं होतं, पत्रात न लिहिलेलंही बरंच होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मागे आई काहीतरी आपटत होती, मुद्दामच आपटत असणार.

मग तू म्हणालास, "दुखत नाही ना गं?"

मी म्हणाले, "नाही. अजिबात नाही."

"वर गेल्यावर? आडवा नेलास की?"

"नाही, बाबा."

"बरं," तू म्हणालास. मग आणखी एकदा, "बरं." आणि फोन ठेवलास. तू यादीबद्दल काही विचारलं नाहीस, घरी ये म्हणाला नाहीस, येऊ नको असंही म्हणाला नाहीस. बांबू विचारत होती, काय म्हणाले, रागावलेत का अजून? मी म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तुला उलट विचारलंच नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून कुणीच विचारलेलं नाही. आई विचारत नाही, कारण आपल्या घरात तो विषय निघत नाही. तुझे विद्यार्थी विचारत नाहीत, त्यांना ते तंत्र वाटतं. मी तर इतकी वर्षं तुझ्याकडे एकटक बघत होते, आणि मी त्याची नक्कल केली.

हे फोनवर विचारलं तर तू चपला घालशील, म्हणून लिहिते आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. दारात उभी राहीन तेव्हा आधी हात बघू नकोस माझे, आधी उत्तर दे.

बाबा, तुझा खांदा खूप दुखतो का रे?